जसुमतीबेनचं हिरवं कडं

मम्मीला घड्याळ घेऊन दिलं आणि निमिषच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. उतरलं कसलं, ते त्यानं मम्मीच्या मनगटावर बांधलं आणि आपण अहमदाबादला मोकळा झाला!

खंभातच्या एका पोळमध्ये, म्हणजे जुन्या दाट गल्लीत, जसुमतीबेन एकट्या राहायच्या. नवरा लवकर गेला. खाखरे लाटून लाटून बाईनं या एकुलत्या एकाला इंजिनियर केलं. "आता पुरे करा ना," असं सून म्हणाली, तर म्हणे, "मग काय दिवसभर भिंतीकडे बघत बसू?" असा खाक्या. आणि नियमाच्या एकदम पक्क्या. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा लग्नाआधीपासूनचा नियम. ताप असो, घरात पाहुणे असोत, आधी देरासरच्या पायऱ्या चढायच्या, मग चहा.

घड्याळ येण्याआधी निमिष रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवलीस का, चाललीस का, गुडघा काय म्हणतो? उत्तरंही ठरलेलीच. पण आवाज जरा पडलेला असला की पोराला लगेच कळायचं. "मम्मी, काय लपवतेस?" की झालं, बाई भडाभडा बोलायच्या.

घड्याळ आलं आणि सगळं त्याच्या मोबाइलवर दिसायला लागलं. मम्मी किती चालली, किती झोपली, काळीज कसं चाललंय. दिवसाचं चालणं पुरं झालं की हिरवं कडं भरायचं आणि खाली यायचं, 'तब्येत उत्तम'. संध्याकाळी निमिष टाळ्यांचं चित्र पाठवायचा, की मम्मीच्या मनगटावर घड्याळ थरथरायचं. मग कशाला हवा फोन? रोजचा फोन रविवारवर गेला, रविवारचा आठवेल तेव्हावर.

होळीच्या सुमाराला एकदा कडं अर्धंच राहिलं. त्यानं फोन लावला, तोही रागावायला. "मम्मी, आज चालली नाहीस? डॉक्टरांनी काय सांगितलंय? मी इथून किती लक्ष ठेवू?"

"चुकलं, दिकरा. उद्यापासून भरते," जसुमतीबेन म्हणाल्या.

आणि खरंच, त्यानंतर कडं कधी रिकामं राहिलं नाही. निमिष ऑफिसात मोबाइल फिरवायचा. "बघा, सत्तरीची बाई! आणि तुम्ही लिफ्टसाठी ताटकळता." कौतुकानं छाती फुगायची त्याची. आता ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

पर्युषणाच्या आधीच्या रविवारी तो न सांगता खंभातला आला. सकाळची वेळ, मम्मी दर्शनालाच असणार, म्हणून थेट देरासर गाठलं. पायरीशी शेजारच्या इंदुमासी चपला घालत होत्या.

"मासी, मम्मी वर आहे ना?"

"वर? अरे, होळीपासून ती एक पायरी चढलेली नाही!"

"काय बोलता! रोज एवढं चालते ती. माझ्या मोबाइलवर दिसतं."

"मग त्या मोबाइललाच आई म्हण," इंदुमासी म्हणाल्या. "घरातल्या घरात भिंत धरून चालते बिचारी. दर्शनाचा नियम मोडला त्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. तुला सांगू नको म्हणाली."

निमिष धावतच घरी आला. जसुमतीबेन खुर्चीत बसून खाखरे लाटत होत्या. पर्युषणाच्या ऑर्डरी होत्या. डावा गुडघा सुजून टम्म झालेला. लाटणं पुढे-मागे, पुढे-मागे, आणि प्रत्येक फेऱ्याला मनगटावरचं घड्याळ समजत होतं की बाई चालली. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. कडं भरलं होतं. तब्येत उत्तम.

"मम्मी, हे काय? मला सांगितलं का नाहीस?"

जसुमतीबेन ओशाळल्या, चोरी पकडल्यासारख्या. "लाटताना ते आपसूक भरतं, हे मला मागाहून कळलं. ऑर्डर नसली तरी मग लाटत बसायचे. तू किती खूश व्हायचास! उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?"

त्याच आठवड्यात निमिषनं त्यांना अहमदाबादला आणून दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांचं म्हणणं एकच. होळीला आणलं असतं तर औषधांवर निभावलं असतं, आता हाड घासून संपलंय, आणि या वयात ऑपरेशन काळजाला झेपणार नाही. काळीज म्हणे आधीपासूनच कमजोर होतं. घड्याळानं तेही ठीकच दाखवलं होतं. देरासरच्या पायऱ्या आता कायमच्या सुटल्या.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, निमिषनं प्रतिक्रमणाचा विधी झाल्यावर आईपुढे हात जोडले. दर वर्षी तो सगळ्यांना एकच क्षमेचा मेसेज पाठवायचा, त्यातच आईही यायची. या वेळी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना तो पोरासारखा रडला.

"वेडा रे वेडा," म्हणत जसुमतीबेननी त्याचे डोळे पदरानं पुसले.

मग त्यानं त्यांचा हात ओढून घड्याळाचा पट्टा सोडायला घेतला. जसुमतीबेननी हात मागे घेतला.

"राहू दे. संध्याकाळी तुझ्या टाळ्या येऊन ते एकदा थरथरतं ना, तेव्हा वाटतं तुझा फोन आला."