बारदान्यातलं भोक

बसूच्या धाकट्या भावाचा, मल्लूचा, फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी चहा गाळत होतो. "दादा गेला. तिकडंच, अमेरिकेत. झोपेतच..." एवढं बोलून तो थांबला, आणि लगेच म्हणाला, "पेपरात द्यायचं तुम्हीच लिहा. शिकारीचं काही टाकू नका." भाऊ जाऊन दिवस उलटला नव्हता, आणि याला इभ्रतीची पडली होती. मला किळस आली. तरी मी लिहून दिलं : 'निसर्गप्रेमी, गिरिभ्रमणाची आवड असलेले'... मग स्वतःचीही किळस आली.

बसू आणि मी लातूरला एका बाकावर शिकलो. घरची डाळमिल, लिंगायत घराणं, गळ्यात लिंग, अंड्याचं नावही घरात निघत नसे. असा हा अमेरिकेत गेला आणि पन्नाशीत धनुष्यबाणाच्या शिकारीला लागला. तिकडच्या डोंगरांत एल्क असतात. आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. बाणाने मारायचा हंगाम सप्टेंबरात उघडतो, म्हणून जूनमध्ये गावी आला की बसूची तयारी सुरू. मिलच्या मागच्या भिंतीला चिंध्या ठासलेलं बारदान्याचं पोतं टेकवून तो सकाळी तासभर नेम धरायचा. मग पाठीवर तीस किलो तूरडाळ बांधून गोदामाचा जिना चढ-उतर. हमाल हसायचे, "मालक, आमची रोजी खाऊन राहिले का?"

यंदाच्या जूनमध्ये मी मुद्दाम पाहायला गेलो आणि तोंड सोडलं. "गळ्यात लिंग घालून जीव घेतोस. लाज वाटत नाही?"

"वाटती की," तो घाम पुसत म्हणाला. "म्हणून तर रोज सराव करतो. बाण चुकीचा लागला तर जनावर दोन-दोन दिवस तडफडतं रे. अन् मारलं तर मांस पाठीवर वाहून आणावं लागतं. ज्याला वाहता येत न्हाई, त्यानं मारू नये."

निघताना त्यानं हात पुढं केला. मी तो हातात घेतला, आणि त्याच्या देखत नळावर जाऊन साबणानं हात धुतले. खांद्यावरचा टॉवेल बसूनं माझ्यापुढं धरला... तीच आमची शेवटची भेट.

लातूरच्या शोकसभेत जो उठला तो म्हणाला, बसवराजअण्णांनी उभ्या जन्मात मुंगीसुद्धा मारली नाही. मल्लू मान डोलवत होता. मीही डोलवली. नंतर मिलमागं गेलो, तर एक हमाल दाभण घेऊन तेच पोतं शिवत बसलेला. "चिंध्या काढल्या. भोक बुजवून डाळ भरा म्हणले धाकले मालक." मी पोतं त्याच्या हातातून ओढून घेतलं.

आता ते माझ्या परसात, नळाजवळ टांगलंय. शिकारीची किळस मला आजही येते, ती जायची नाही. पण पोत्याला मधोमध एकच भोक आहे, तळहाताएवढं. बाकी सगळं कोरं. इतक्या वर्षांत याचा एक बाण त्या भोकाबाहेर गेला नव्हता. हमालानं घातलेले चार टाके मी उसवून टाकले, आणि मल्लूला न विचारता हे लिहायला बसलो.

नळावर हात धुतले की अजून मागं वळून पाहतो, टॉवेल कोण देतंय म्हणून.