दोन कप्पे, एकच पत्र

राजाराम गायकवाड घाटकोपरच्या एका ट्रस्टमध्ये एकतीस वर्षं नोकरी करतात. ट्रस्टची धर्मशाळा आहे, चौदा खोल्यांची. गावाकडून कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईत आलेले पेशंट आणि सोबतीचं एक माणूस तिथे राहतं. खोल्या चौदा आणि अर्ज शेकड्यांनी. त्यामुळे तिथलं मुख्य काम म्हणजे नाही म्हणणं, आणि ते काम राजारामकाकांकडे. मी तेजल. आठवड्यातून दोन दिवस जाऊन त्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. मला राग लवकर येतो आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्यांवर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

काका मूळचे वाशिमकडचे, राहायला चेंबूरला. टायपिस्ट म्हणून लागले. त्यांच्या टेबलामागे एक लोखंडी कपाट आहे. एका कप्प्यावर चिठ्ठी 'होकार', दुसऱ्यावर 'नकार'. दोन्ही कप्प्यांत सगळ्यात वर एकेक नमुना, आणि दोन्हींच्या माथ्यावर एकच शब्द: पत्र. मी एकदा म्हटलं, "काका, दोन्हींना एकच नाव? गोंधळ नाही होत?"

"कप्प्यावर लिहिलंय ना," काका म्हणाले. "मग कागदावर परत कशाला?"

नकाराच्या नमुन्यावर त्यांनी किती मेहनत घेतली होती ते मी पाहिलंय. 'खेद वाटतो' हे शब्द त्यांनी खोडले होते. असं लिहिणाऱ्याला खेद वाटत नसतो, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी मी त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. पत्रांचे नमुने साध्या फाइलींत ठेवायचे. जिथे पेशंटचं नाव, तारीख, खोली क्रमांक यायचा तिथे महिरपी कंस. प्रोग्रॅम सुरू झाला की फोल्डर उघडून सगळे नमुने वाचतो, कंस कुठेकुठे आहेत ते हुडकतो आणि प्रत्येक नमुना फाइलीच्या नावाने लक्षात ठेवतो. मग शुक्रवारची यादी घ्यायची, कंसांत माहिती भरायची, खाली काकांची सही चिकटवायची आणि पत्र थेट अर्जदाराच्या व्हॉट्सॲपवर. मधे कुणी काही पाहायची गरज नाही. या गोष्टीचा मला केवढा अभिमान होता.

काका भीत भीत विचारायचे, "मी यात हात घातला तर चालेल ना गं? काही बिघडणार नाही?"

"बिनधास्त घाला," मी म्हटलं. "फोल्डर तुमचं आहे. हवं तसं लावा."

त्यांनी लावलं. एका गुरुवारी दुपारी बसून त्यांनी दोन फोल्डर केले, होकार आणि नकार, आणि दोन्हींत एकेक फाइल ठेवली. दोन्हींचं नाव 'पत्र'. कोणत्या अर्जाला कोणता नमुना लावायचा ते यादीतही त्यांनी नीट बदललं. कपाटासारखंच सगळं जागच्या जागी.

माझा प्रोग्रॅम मात्र कप्प्यावरची चिठ्ठी वाचत नव्हता. फोल्डर सोडून तो फक्त फाइलीचं नाव धरायचा. त्याने आधी नकारातलं पत्र वाचलं, मग होकारातलं. नाव तेच, म्हणून जुनं टाकून नवं ठेवलं, जराही कुरकुर न करता. काकांच्या बदलानंतर मीसुद्धा तपासताना एकच खोटा अर्ज घातला होता, तोही होकाराचा. झकास पत्र आलं होतं.

शुक्रवारी एकोणतीस पत्रं गेली. सहा होकाराची असायला हवी होती. एकोणतीसच्या एकोणतीस होकाराची गेली.

सोमवारी सकाळी लातूरहून एकाचा फोन आला. "साहेब, पत्र पोचलं, लई उपकार झाले. खोलीचा नंबर तेवढा लिहायचा राहिलाय." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही फाइली उघडल्या आणि मिनिटभरात समजलं, आपली वाट लागली. राग आला, पण या वेळी तो न्यायला दुसरीकडे जागा नव्हती.

फोन काकांनीच केले. मी करते म्हटलं तर म्हणाले, "सही माझी आहे." प्रत्येकाला तेच: चूक झाली, खोली नाही, निघू नका. एकजण ओरडला. बाकीचे बहुतेक नुसतं 'बरं' म्हणाले, आणि ते ऐकवत नव्हतं. बावीस जण सापडले. तेविसावा फोन बंद होता.

तो फोन लताचा होता. मंगळवारी अकराच्या सुमाराला ती फाटकात उभी राहिली, हिंगोलीकडून रात्रभर प्रवास करून. बरोबर नवरा खंडू. रिक्षापासून फाटकापर्यंत चालला तेवढ्यातच त्याला दम लागला आणि तो पायरीवर बसला. लताच्या हातात गावच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेली पत्राची प्रिंट होती.

काकांनी तिला सगळं सांगितलं, न लपवता. ती ऐकून म्हणाली, "वांद्र्याला दुसऱ्या एका ठिकाणी खोली भेटली होती आम्हाला. तुमचं आलं म्हणून शनिवारी फोन करून सोडली. एका माणसानं दोन खोल्या कशाला अडवायच्या?"

मी तिथून उठून जावं असं मला फार वाटलं. गेले नाही, एवढंच.

चौदा खोल्यांत चौदा पेशंट होते, साधी सर्दीही ज्यांना परवडत नाही असे. त्यांच्यात आणखी कुणाला घालता येत नव्हतं. काकांनी स्वतःच्या घराचं विचारलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. लताने पायरीवरच्या खंडूकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग काकांनी वांद्र्याला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ती खोली काल दुसऱ्यांना दिली. तुमच्याकडून नकाराचं लेखी पत्र आणलं, तर यादीत वर घेता येईल. किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही.

मी प्रोग्रॅम आदल्या दिवशीच दुरुस्त केला होता. आता तो फोल्डरसकट नाव धरत होता. लताची माहिती घातली, बटण दाबलं. पत्र अचूक आलं, नाव, गाव, तारीख, सगळं.

काकांनी शिक्का मारून ते तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही. "मला वाचता येत नाही, साहेब. तिथं काय दाखवायचं ते कळाया पाहिजे. वाचा की."

"तेच लिहिलंय गं, खोली नाही म्हणून."

"तसं नको. लिहिलंय तसं वाचा."

काकांनी चष्मा लावला. "'आपला अर्ज मिळाला. सध्या आमच्याकडे एकही खोली रिकामी नाही. आजारी माणसाला घेऊन मुंबईत येणं किती कठीण असतं, हे आम्हाला ठाऊक आहे.'" तिथे ते थांबले. मला पुढचं वाक्य माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी काय करणार होते?

"पुढं?" लता म्हणाली.

"'म्हणून आपण घरून निघण्याआधीच हे आपल्याला कळावं, यासाठी हे पत्र तातडीने पाठवत आहोत.'"

"बरं," लता म्हणाली. पत्राची घडी घालून तिने ते पिशवीत ठेवलं आणि खंडूला उठवायला पायरीकडे गेली.