हरणाबाईच्या दोन थापा

आटपाडीच्या अर्जुनानं मेंढरं विकून टेम्पो घेतला, तेव्हा बायकोनं विचारलं, "आवं, रिव्हर्स म्हंजी काय?"

"गाडी मागं घ्यायची. पर मागचं मला दिसत न्हाई, तू बघायचं."

तेव्हापासून हरणाबाई रोज टेम्पोमागं उभी राहायची. पत्र्यावर एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे बास. आरसा नुसता शोभेला!

हरणाबाई गेली. तिचे दिवस घातल्यावर अर्जुनानं पहिल्यांदाच टेम्पो बाहेर काढला. संध्याकाळी दारात येऊन सवयीनं रिव्हर्स टाकला आणि दोन थापांची वाट बघत तो मागं मागं येत राहिला. तिनं सारवलेला तुळशीचा कट्टा धाडकन कोसळला.

अर्जुना उतरलाच नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "बास म्हन की गं."