तडा गेलेली कांडी

मोटर विभागप्रमुखांच्या हातून पडली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर कितीतरी महिने हे साधं वाक्य त्या कॉलेजात कुणी उच्चारायला तयार नव्हतं.

कॉलेज कल्याणजवळचं, इंजिनिअरिंगचं. मी तिथे आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जायचे. बाकी दिवस वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम. मुलामुलींचा रॉकेट क्लब माझ्याकडे होता. दिवाळीतला बाण नव्हे, माणसापेक्षा उंच आणि किलोमीटरभर वर जाणारं रॉकेट. ते उडवण्याआधी त्याची मोटर जमिनीवरच लोखंडी चौकटीत बांधून पेटवायची होती. किती जोर लावते, किती सेकंद जळते, ते मोजायला.

मोटर म्हटलं की आपल्याकडे लोकांना पाण्याचा पंप आठवतो. ही मोटर म्हणजे ॲल्युमिनियमची जाड नळी. आत घन इंधनाच्या चार कांड्या, प्रत्येकीच्या मधोमध आरपार भोक. नळीच्या एका टोकाला झाकण, दुसऱ्याला नोझल, म्हणजे आवळलेला गळा. आत पेट घेतला की वायू त्या गळ्यातून मागे सुटतो आणि रॉकेटला पुढे रेटतो. फुगवलेल्या फुग्याचं तोंड सोडलं की होतं तेच. जेवढा पृष्ठभाग जळेल तेवढा वायू तयार होणार, आणि बाहेर पडायला वाट ती एकच. म्हणून किती पृष्ठभाग जळू द्यायचा हे आधी ठरवलेलं असतं. मधलं भोक जळत मोठं होतं, त्याच वेळी कांड्या टोकांकडून आखूड होतात. एकीकडे वाढतं, दुसरीकडे घटतं, आणि दाब नळीला सोसेल एवढाच राहतो.

चाचणी कॉलेजच्या तांत्रिक महोत्सवात, दुपारी होती. सकाळी एक विश्वस्त प्रयोगशाळा बघायला आले. भरलेली मोटर टेबलावर होती. विभागप्रमुखांनी ती उचलली. मी म्हटलं, "सर, खाली ठेवा." त्यांनी ऐकलं नाही. "बघा साहेब, एका हातात मावते," म्हणाले, आणि ती सटकून फरशीवर उभी आपटली. मग सर हसले. "मजबूत आहे. आपल्या मॅडमचं डिझाइन आहे."

मंडळी गेल्यावर मी मोटर उघडली. बॅटरी धरायला मामा होते. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. कोपरला राहायचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. तिसऱ्या कांडीवर उजेड पडला आणि ते म्हणाले, "मॅडम, ही केसासारखी रेघ कसली?"

तडा होता. बाहेरून थेट मधल्या भोकापर्यंत गेलेला. मी मोबाइलवर फोटो काढला आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, आज चाचणी नको. कांडीला तडा गेलाय."

"केवढा?"

"केसाएवढा. पण आरपार."

"केसाएवढा! मॅडम, बाहेर मांडव घातलाय."

मी त्यांना समजावलं, जसं दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला समजावते तसं. तडा म्हणजे नुसती रेघ नाही, तो नवा पृष्ठभाग आहे. ज्वाळा त्यात शिरणार, तोही जळणार. वायू वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की इंधन आणखी वेगाने जळतं, त्यातून आणखी वायू. गळा मात्र तेवढाच. मग नळी स्वतःच वाट करून देते.

"तुम्ही फार पुस्तकी बोलता," सर म्हणाले. हा माणूस वीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवत होता.

"मग माझ्याशिवाय करा," मी म्हटलं, पर्स उचलली आणि डोंबिवलीला घरी निघून आले. मला खरंच वाटलेलं की मी नसले की चाचणी होणार नाही. रिक्षात बसून मी स्वतःवर खूशसुद्धा होते. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

चार वाजता क्लबमधल्या एका मुलीचा फोन आला. रडत होती, धड बोलता येत नव्हतं. मामांना लागलंय, एवढंच कळलं.

बाकीचं हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. सरांनी मोटर पुन्हा बंद करून चौकटीत बांधायला लावली. वाळूची पोती चारही बाजूंनी हवी होती. फोटो नीट यावेत म्हणून समोरची बाजू उघडी ठेवली. पेटवायच्या जरा आधी जोर मोजणाऱ्या यंत्राची वायर निघाली. सर म्हणाले, "मामा, जरा बघा." मामा वायर लावून परत वळत होते. तेवढ्यात मांडवातून घोषणा झाली आणि कुणीतरी बटण दाबलं. पहिला अर्धा सेकंद सगळं ठीक होतं, मुलांनी टाळ्याही वाजवल्या. मग नळी फुटली. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. डाव्या कानाने आता त्यांना ऐकू येत नाही.

आठवड्याभरात अपघाताचा अहवाल माझ्यासमोर सहीला आला. 'प्रयोगशाळा सहायकाच्या हातून मोटर पडल्यामुळे.' मी ते दोनदा वाचलं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, मामांची नोकरी जाणार नाही, मी बघतो," सर म्हणाले. "उगाच ताणू नका."

म्हणजे बोटं त्यांची गेली, चूकही त्यांचीच, आणि वर उपकार यांचे. मी सही केली नाही. तो फोटो, त्यावरची वेळ आणि सकाळी काय झालं ते सगळं लिहून कॉलेजने नेमलेल्या चौकशी समितीला दिलं. विश्वस्तांना काहीच आठवत नव्हतं. समितीने शेवटी वाक्य बदललं: 'हाताळताना मोटर पडल्यामुळे.' कोणाच्या हातून, ते गाळलं. सर आजही विभागप्रमुख आहेत. क्लब बंद झाला. पुढच्या सत्रात मला बोलावणं आलं नाही.

त्यानंतर मी कोपरला मामांच्या घरी गेले. मी पायरीवरच रडायला लागले तेव्हा त्यांच्या बायकोने मला आत नेऊन पाणी दिलं. मी म्हटलं, "मामा, मी सांगितलेलं त्यांना. सगळं सांगितलेलं."

"सांगितलंत ना," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. "मला का नाही सांगितलंत? रेघ मी दाखवली तुम्हाला. तिने काय होतं ते तुम्ही साहेबांना समजावलंत आणि घरी गेलात. मला वाटलं, मॅडम गेल्या म्हणजे तसं काही विशेष नसेल."

प्रयोगशाळेपासून केबिनपर्यंत चाळीस पावलं असतील. परत येऊन त्यांना दोन वाक्यं सांगता आली असती. बटण दाबलं की मोटर पेटवणारी वात पर्समध्ये टाकून नेता आली असती. मी माझा अपमान घेऊन निघाले होते आणि माणूस मागे ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी पोलिस ठाण्यात जाऊन जबाब दिला. विभागप्रमुखांचं नाव घेतलं, विश्वस्तांचं घेतलं, आणि तडा दिसल्यावर मी काय केलं नाही तेही लिहून घ्या म्हटलं. हवालदार म्हणाला, "मॅडम, ते कशाला? ते तुमच्याच विरुद्ध जाईल." मी म्हटलं, "लिहा."