सहा नंबरची दोन पाकिटं

मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर माझं वळणदार आहे. घोळ त्यामुळेच झाला.

मी एका प्रयोगशाळेत बाटल्या धुते. तिथे एक ताई रानातल्या अळंब्यांचा अभ्यास करते. दोन अळंब्या वरून सारख्या दिसल्या तरी आतून वेगळ्या निघतात, म्हणून ती त्यांचा डीएनए काढते. तिने मला सांगितलं होतं, की प्रत्येकीच्या आत चारच अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, यंत्र ते वाचतं आणि मग जात कळते.

गेल्या पावसाळ्यात तिने खडकवासल्यापलीकडच्या डोंगरातून अळंब्या आणल्या. सहा पाकिटं भरली, नंबर टाकले आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. मी टोपली धुवायला घेतली तर तळाशी पानाखाली अजून एक. ती पाकिटात घालून मी वर ठसठशीत ७ लिहिलं आणि बाकीच्यांबरोबर वाळवायला ठेवली. ताईला सांगायचं होतं, पण ती फोनवर होती आणि माझा धीर तेवढ्यातच संपतो.

ताई इंग्रजी शाळेतली, माझा ७ तिला इंग्रजी 6 दिसला. तिला वाटलं, सहाची दोन पाकिटं आहेत, अळंबी एकच. दोन्हींतला तुकडा तिने एकाच नळीत घातला.

यंत्राचं वाचन आलं ते अक्षरावर अक्षर चढलेलं. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी चष्मा पुसून कागद पाहिला.

"अहो, ही अळंबी आहे की मिसळ?"

हात स्वच्छ ठेवता येत नसतील तर यंत्राची पाळी दुसऱ्या कुणाला देतो, असंही म्हणाले. ताईचे डोळे भरले. ती टेबल घासत बसली. तेच टेबल मी सकाळी घासलं होतं.

ट्रेमध्ये सहाच्या पाकिटाला टाचलेलं मला माझं पाकीट दिसलं. तीन वर्षांत सरांशी मी 'हो' आणि 'आणते' एवढंच बोलले होते. फडकं हातात धरूनच आत गेले.

"सर, तो सहा नाही. माझा सात आहे."

सरांनी पाकीट ताईपुढे धरलं आणि वाचायला सांगितलं. ती म्हणाली, सहा. सर हसायचेच थांबेनात. मग मला विचारलं, मावशी, इतके दिवस बोलला का नाहीत? मी म्हटलं, कुणी विचारलं नाही.

पाळी ताईकडेच राहिली. या वेळी दोन नळ्या, दोन स्वच्छ वाचनं. माझी सातवी तर सहांपैकी कुणाच्याच जातीची निघाली नाही.

आता दारावर सरांनी पाटी लावली आहे: 'मराठी सातास सहा समजू नये. शंका असल्यास मावशींना विचारावे.'

रोज तीच पाटी मी आधी पुसते.