मावशीला स्लॅब नको होता

दहा वर्षांत आपल्या भागात कुणीही उघड्यावर झोपणार नाही, असं लातूरच्या आमच्या गल्लीनं ठरवलं आणि समिती केली. मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं. म्हणून आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष डाळमिलवाले अप्पा. पहिल्या दोन बैठका समितीचं नाव काय ठेवायचं यातच गेल्या.

पहिलं घर बसस्टँडबाहेर कंगवे आणि पिना विकणाऱ्या मावशीला द्यायचं ठरलं. कित्येक वर्षं ती तिथंच कडुलिंबाखाली राहायची. अप्पांनी गोदामाशेजारची खोली रिकामी करून रंगवली. फीत कापली, नारळ फुटला, मी लांबलचक भाषण केलं. मावशीनं किल्ली कमरेला खोचली.

चौथ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो, तर मावशी लिंबाखालीच चटई गुंडाळत होती.

"मावशी, घर आवडलं नाही का?"

"लई चांगलं हाय गुरुजी. कंगवे ठिवलेत तिथं. सामानाला लई आराम हाय."

"आणि तुम्ही?"

"स्लॅबखाली मी न्हाई झोपत."

ती किल्लारीकडची. भूकंपात दगडामातीचं घर जड छतासकट बसलं. नवरा आणि सासू आतच राहिले. ती अंगणात झोपली होती म्हणून वाचली. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय," ती म्हणाली, "स्लॅब पडला तर तेरावंच."

अप्पांना मात्र हे पटेना. "मावशी, माझ्या स्लॅबवर हत्ती नाचवा."

"मग तुमीच झोपून दावा की."

अप्पा इरेला पेटले. दुपारी जेवून आले, खोलीत तिच्या चटईवर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी आणि मावशी दाराबाहेर बसलो. तेवढ्यात तुरीची पोती भरलेला ट्रक मागं येताना गोदामाच्या भिंतीला घासला. खिडकी खडखडली. अप्पा एका पायात चप्पल घालून थेट रस्त्याच्या पलीकडं पोचले. मावशी जागची हललीसुद्धा नाही.

"ट्रक हाय अप्पा," ती म्हणाली. "या, चहा घ्या."

संध्याकाळच्या बैठकीत अप्पा एवढंच बोलले, "पत्रे मागवा."

मिलच्या आवारात पत्र्याची खोली उभी राहिली. मावशीनं लोखंडी खांब स्वतः हलवून पाहिले, दार बाहेर उघडेल असं बसवून घेतलं आणि मगच चूल मांडली. पहिल्या रात्री तिथं ती झोपली, ती सकाळी उन्हं अंगावर येईपर्यंत. आराखड्यात मी नवं पहिलं कलम घातलं: आधी राहणाऱ्याला विचारावं.

आता चार वर्षं झाली. मावशी समितीवर आहे. मागच्या महिन्यात लोह्याहून आलेल्या एका जोडप्याला खोली दाखवायला गेलो होतो. अप्पा रंगाचं कौतुक सांगत होते. मावशीनं त्यांना थांबवून त्या बाईला विचारलं, "पाणी कुठून आणशील गं?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. नळाचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अप्पा सकाळपासून प्लंबरच्या मागं फिरत होते.