सुगंधाच्या खिडकीतला उजेड

सुगंधा राऊळ साड्यांना फॉल लावून द्यायची. मुलुंडच्या चाळीत तळमजल्यावर दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीला एकच खिडकी. तिच्याखाली चटई टाकून सुगंधा सकाळी नऊला बसायची. हात तिचा साफ होताच, पण बायका लांबून यायच्या त्या रंगासाठी. साडी मोरपंखी असो की डाळिंबी, फॉल आणि दोरा ती असा जुळवायची की साडी कुठे संपली नि फॉल कुठे लागला ते कळू नये. नवऱ्याची, लवूची, गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. साकीनाक्याला एका वर्कशॉपात तो चिकटेपर्यंत घर तिच्या सुईवर चाललं.

चौऱ्याऐंशी साली शेजारचा जुना बंगला पाडला आणि तिथे सात मजल्यांची इमारत उठायला लागली. दुसरा स्लॅब पडला तशी चटईवरची उन्हाची पट्टी गेली. चौथा पडला आणि भर दुपारी सुईत दोरा ओवेना.

लवू तिची धडपड बघत होता. एका रविवारी त्याने भिंतींना पांढरा चुना फासला, स्टुलावर चढून ट्यूबलाइट बसवली आणि बटण दाबलं.

"बघ गे! घरात दिवस उगवलो!"

"झकास," सुगंधा म्हणाली. खरंच, कोपऱ्यातला डबासुद्धा चकाकत होता.

आठवड्याने शाळेतल्या पद्मजाबाई साडी न्यायला आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी साडी उलगडली आणि खालचा काठ उजेडात धरला.

"सुगंधाताई, साडी हिरवट आहे हो. फॉल निळा लागलाय."

सुगंधाने बाहेर येऊन बघितलं. निळाच होता. आत ट्यूबखाली दोन्ही एक दिसत होते. तिने सगळा फॉल उसवला.

लवूने मग पिवळा दिवा जोडून दिला. त्याच्याखाली डाळिंबी विटकरी दिसायला लागली. दोन्ही एकदम लावले तर दोघांच्या भांडणात कुठलाच रंग धड दिसेना. ती दोरे घेऊन रस्त्यावर पळायची, रंग बघून परत यायची. पण बाहेर सिमेंटची धूळ. साडी तिथे उघडणार कशी?

शेवटी चाळीतले वयस्कर नाना तिला घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेले. मॅनेजर अगदी गोड बोलला. थंडा मागवला.

"ताई, नियमाप्रमाणे जागा सोडलीय. उजेड काय कोणाच्या नावावर असतो का?"

नानांनी थंडा संपवला आणि दोघं परत आली.

बायका हळूहळू स्टेशनजवळच्या दुकानात जायला लागल्या. कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही; यायच्याच थांबल्या. वर्षभरात सुगंधाने एका कंत्राटदाराकडून परकर शिवायला घेतले, सगळे पांढरे.

सातवा स्लॅब पडल्यावर लवूने पुन्हा स्टूल ओढलं. "समोरच्या भिंतीवर आणखी एक ट्यूब लावूया?"

"नको रे," मान वर न करता ती म्हणाली. "पांढऱ्याला पुरतो हा."

लवू स्टुलावर तसाच उभा राहिला. हातात स्क्रूड्रायव्हर होता, आणि खोलीत लख्ख उजेड.